विश्लेषण : वरून सारखे, खालून वेगळे... सह्याद्रीतील नेचे ओळखायचे कसे?

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये रानफुलांच्या जोडीला आणखी एक छायाचित्र हमखास असते, ओल्या कातळाला बिलगलेल्या हिरव्यागार नेच्याचे. ते एखाद्या अ‍ॅपवर टाकले की क्षणात नाव समोर येते. मात्र ते बरोबर असेलच असे नाही. नाव चुकल्याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण कधी रानभाजी समजून भलताच नेचा ताटात येऊ शकतो, औषधाच्या पुडीत दुसरीच वनस्पती जाऊ शकते आणि परदेशातून आलेला नेचा ‘देशी’ म्हणून नोंदवला जाऊ शकतो. सारखे दिसणारे नेचे वेगळे कसे ओळखायचे, त्यासाठी नेमके काय पाहायचे, याविषयी...

नेचे म्हणजे नेमके काय?

नेचे म्हणजे इंग्रजीतील फर्न. त्यांना मूळ, खोड, पाने असतात. मात्र फूल, फळ आणि बी नसते. त्यांचा प्रसार बीजाणूंतून होतो. हे बीजाणू धुळीसारखे बारीक असतात आणि बहुतेक नेच्यांमध्ये ते पानाच्या मागच्या बाजूला ठिपक्यांच्या किंवा रेषांच्या रूपात तयार होतात. कुंडीतल्या नेच्याच्या पानाखाली असे तपकिरी ठिपके दिसले, की कीड लागली असे समजून औषध फवारणारे अनेक जण आहेत. प्रत्यक्षात ती झाड वयात आल्याची खूण असते.

नेच्याचे कोवळे पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते आणि हळूहळू उलगडते. बागेत ‘अ‍ॅस्परॅगस फर्न’ म्हणून विकली जाणारी वनस्पती मात्र नेचा नाही. ती शतावरीच्या कुळातली असून तिला फुले येतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार जगात नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार प्रजाती आहेत. भारतात नेचे आणि त्यांच्या नात्यातील वनस्पती मिळून हजाराहून अधिक प्रजाती आढळतात. पूर्व हिमालय आणि पश्चिम घाट ही त्यांची प्रमुख घरे.

त्यांना ओळखण्यात गफलत का होते?

सपुष्प वनस्पती ओळखताना सामान्य माणूस फुलाचा रंग, पाकळ्या, फळ पाहतो. नेच्यांमध्ये हा आधारच नसतो. उरते ते पान आणि तेच सर्वाधिक फसवते. एकाच प्रजातीचे पान सावलीत लांब आणि मऊ, तर उन्हात आखूड आणि जाड होऊ शकते. लहान रोपाचे पान साधे आणि मोठ्या रोपाचे दोनदा विभागलेले असू शकते.

काही नेच्यांमध्ये तर एकाच झाडावर दोन तऱ्हेची पाने असतात. जुन्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारे बाशिंग हे त्याचे ओळखीचे उदाहरण. त्याची एक पाने आखूड, तपकिरी, वाळल्यासारखी दिसतात आणि पालापाचोळा अडवून झाडासाठी जणू टोपली तयार करतात. दुसरी पाने लांब, हिरवी आणि बीजाणू धारण करणारी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही दोन वेगळी झाडे वाटतात.

याउलट, दोन भिन्न प्रजाती वरून अगदी सारख्या दिसतात. त्यात भर म्हणजे नेच्यांमध्ये जवळच्या प्रजातींचा संकर होतो आणि गुणसूत्रांचे संच दुप्पट-तिप्पट झालेली रूपेही आढळतात. त्यामुळे ‘पुस्तकातल्या चित्रासारखे दिसते’ एवढ्यावर नाव ठरवणे धोक्याचे असते.

मग पाहायचे काय?

जाणकार नेचा समोर आला, की आधी पान उलटे करतात. नेच्याची ओळख पटवण्यासाठी पाच गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली, बीजाणूंची मांडणी. ते गोल ठिपक्यांत आहेत, शिरेलगतच्या रेषेत आहेत की पानाच्या कडेला सलग पट्टीत? त्यांच्यावर पातळ पडदा आहे का? की पानाची कडच दुमडून त्यांच्यावर आली आहे?

दुसरी, देठाचे बूड. तिथे पातळ, चपटे खवले असतात की केसांसारखी लव? खवल्यांचा रंग एकसारखा आहे की मधे गडद पट्टा आहे?

तिसरी, पानातील शिरा. पान उजेडासमोर धरले, की शिरा सुट्या कडेपर्यंत जातात की एकमेकींना मिळतात, हे दिसते.

चौथी, खोड. पाने एकाच ठिकाणाहून झुपक्यात उगवतात की जमिनीखाली पसरत जाणाऱ्या आडव्या खोडावरून सुटी-सुटी वर येतात?

पाचवी, जागा. कातळाची भेग, ओढ्याचा काठ, झाडाची फांदी, चुन्याची भिंत की उघडा डोंगरउतार? अनेक नेचे जागेबाबत कमालीचे चोखंदळ असतात.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे एक छोटे भिंग पुरते.

भिंतीवर उगवलेला नेचा कोणता?

या पाच खुणा वापरून पाहण्यासाठी डोंगरात जायचीही गरज नाही. मुंबई, पुण्यातील जुन्या इमारतींच्या भिंती, पुलाचे दगड, गटाराचे काठ येथे पावसाळ्यात एक लांबट, पट्टीसारख्या पर्णिकांचा नेचा उगवतो. बहुतेक जण त्याला कुंडीतलाच नेचा समजतात. कुंडीतला नेचा बहुतेकदा नेफ्रोलेपिस असतो; भिंतीवरचा मात्र अनेकदा टेरिस विटाटा निघतो. जुन्या बांधकामांतील चुना त्याला मानवतो.

दोन्हींच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी लांबट पर्णिका असतात. फरक पाठीमागे आहे. टेरिसचे बीजाणू पर्णिकेच्या दोन्ही कडांना सलग तपकिरी किनार लावल्यासारखे असतात. नेफ्रोलेपिसमध्ये ते सुट्या ठिपक्यांच्या रांगेत असतात आणि ठिपक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा छोटा पडदा असतो. टेरिसच्या पानाच्या शेंड्याला एक ठसठशीत लांब पर्णिका असते. नेफ्रोलेपिसचा शेंडा मात्र निमुळता होत जातो आणि बरेच दिवस वाढतच राहतो. नेफ्रोलेपिसच्या पर्णिका सांध्यावर जोडलेल्या असल्याने वाळल्यावर गळून पडतात आणि नुसता दांडा उरतो. शिवाय त्याला तारेसारखे बारीक धुमारे फुटतात.

ही ओळख केवळ हौसेपुरती नाही. टेरिस विटाटा जमिनीतील आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. प्रयोगांत पानाच्या कोरड्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक आर्सेनिक आढळले. त्यामुळे दूषित माती स्वच्छ करण्यासाठी या नेच्याकडे पाहिले जाते. त्याच कारणाने, शहरातील कोणताही नेचा घरगुती औषध म्हणून वापरणे शहाणपणाचे नाही.

चांदीचा नेचा देशी की परदेशी?

पानाच्या मागे पांढरी भुकटी असलेला नेचा डोंगरातल्या मुलांच्या खेळात असतो. पान तळहातावर दाबले, की नक्षीदार पांढरा ठसा उमटतो. मात्र सह्याद्रीत असा ठसा उमटवणारे किमान दोन गट आहेत आणि त्यातला एक मूळचा इथला नाही.

देशी गट अ‍ॅल्युरिटॉप्टेरिसचा. हे लहान चणीचे नेचे कातळाच्या भेगांत, गडांच्या तटबंदीत, दगडी बांधांवर वाढतात. पान साधारण त्रिकोणी किंवा पंचकोनी दिसते, कारण सर्वांत खालच्या पर्णिकांचे खालच्या अंगाचे भाग इतरांपेक्षा लांब असतात. बीजाणू पानाच्या कडेला असतात आणि कड आत दुमडून त्यांना झाकते. पाऊस संपला, की ही पाने मुठीसारखी मिटतात, पांढरी बाजू बाहेर येते आणि पाण्याची एक सर आली, की पुन्हा उघडतात.

दुसरा नेचा पिटिरोग्रामा कॅलोमेलॅनॉस. तो मूळचा अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातला. आता आशिया-आफ्रिकेतही रुळला आहे. रस्त्यासाठी कापलेले ओलसर बांध, मळ्यांच्या कडा, ओढ्याचे काठ अशा विस्कटलेल्या जागी तो वाढतो. पान लांबट, उभे, देशी चांदीच्या नेच्यापेक्षा बरेच मोठे आणि देठ काळा चकचकीत असतो. बीजाणू कडेला नसतात. ते शिरांवरून पसरतात आणि पानाची जवळजवळ सगळी पाठ व्यापतात. कड दुमडलेली नसते.

म्हणजे पाठ पांढरी आहे एवढे पाहून थांबायचे नाही. त्या पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघ कुठे आहे, कडेला की सर्वत्र, हे पाहायचे. दहा सेकंदांच्या या तपासणीवर ‘देशी’ आणि ‘परदेशी’ हा निर्णय ठरतो.

‘हंसराज’ नेमके किती?

काळ्या, केसासारख्या बारीक देठाचे नेचे म्हणजे एडिअँटम. त्यांना हंसराज या एका नावाने ओळखले जाते. आयुर्वेदात हंसपदी म्हणून एडिअँटम ल्युन्युलॅटमचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रात त्यालाच एडिअँटम फिलिपेन्स असेही म्हणतात. युनानी चिकित्सेतील परसियावशान हा मात्र एडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. बाजारात वाळलेली जुडी आली, की हे दोन आणि तिसरा एडिअँटम इन्सायझम यांच्यात गल्लत होण्यास पूर्ण वाव असतो.

ताज्या झाडात फरक स्पष्ट आहेत. फिलिपेन्सचे पान एकदाच विभागलेले असते. पर्णिका अर्धचंद्र किंवा पंख्याच्या आकाराच्या असून प्रत्येकीला स्वतंत्र छोटा देठ असतो. झाडावर लव नसते. पानाचा शेंडा लांबत जाऊन जमिनीला टेकतो आणि तिथे नवे रोप फुटते. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या दरडींवर हा सर्रास दिसतो.

इन्सायझमचाही शेंडा असाच रुजतो. म्हणून दोघांत घोटाळा होतो. पण त्याचा देठ आणि पाने केसाळ असतात. पर्णिकांना जेमतेमच देठ असतो आणि त्यांची वरची कड खोल कातरलेली असते. बोट फिरवले तरी फरक कळतो.

कॅपिलस-व्हेनेरिसचे पान दोन किंवा अधिक वेळा विभागलेले असते. पर्णिका पाचरीसारख्या असतात आणि शेंडा रुजत नाही. जुन्या विहिरींच्या पाझरत्या भिंती, धबधब्याचे तुषार येणारे कातळ ही त्याची जागा. वाळलेल्या जुडीत मात्र पर्णिका चुरगळतात. तरीही देठावरची लव आणि पानाची विभागणी तपासता येते.

एका काठावर दोन जुळे कसे?

ओढ्याच्या आणि पाटाच्या काठाने सर्वाधिक दिसणारे नेचे क्रिस्टेला गटातले. त्यांतील डेंटाटा आणि पॅरासिटिका हे जवळजवळ जुळे. दोन्हींना मऊ लव, दोन्हींच्या पर्णिका कंगव्यासारख्या कातरलेल्या आणि दोन्हींवर गोलसर ठिपके.

इथे पानाचा खालचा भाग उपयोगी पडतो. डेंटाटामध्ये पर्णिका बुडाकडे हळूहळू आखूड होत जातात. पॅरासिटिकामध्ये सर्वांत खालची जोडी जवळपास वरच्यांइतकीच लांब राहते आणि अनेकदा खाली झुकलेली असते. भिंगातून पाहिल्यास पॅरासिटिकाच्या पाठीवर नारिंगी-तांबूस ग्रंथींचे बारीक ठिपके दिसतात. म्हणजेच फक्त शेंड्याकडचा भाग खुडून घरी आणला, तर ओळखीची महत्त्वाची खूण जागेवरच राहते.

ताटात चुकीचा नेचा आला तर?

नेच्यांचे कोवळे, गुंडाळलेले कोंब भारतात अनेक ठिकाणी खाल्ले जातात. उत्तराखंडात लिंगुडा, हिमाचलात लुंगडू, आसामात ढेकिया अशा नावांनी ही भाजी ओळखली जाते. तिच्यासाठी प्रामुख्याने वापरला जाणारा नेचा म्हणजे डिप्लाझियम एस्क्युलेंटम. तो पश्चिम घाटातही ओढ्याकाठी वाढतो. रानभाज्यांच्या चित्रफिती मोबाइलवर सर्वदूर पोहोचू लागल्याने ‘आपल्याकडेही हे उगवते’ असे अनेकांना वाटू लागले आहे. धोका इथेच आहे.

महाबळेश्वरसारख्या उंच, उघड्या डोंगरउतारांवर टेरिडियम म्हणजे ब्रॅकन नावाचा नेचा वाढतो. त्याचेही कोंब वळलेले आणि कोवळे दिसतात. त्यात टाकिलोसाइड हे कर्करोगकारक रसायन असते. ब्रॅकन चरणाऱ्या गुरांमध्ये मूत्राशयात गाठी होणे, लघवीतून रक्त जाणे हा आजार दिसतो. हे रसायन दुधातही उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये ब्रॅकनचा समावेश माणसात ‘कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता’ असलेल्या गटात केला. जपानमध्ये ‘वाराबी’ नावाने त्याचे कोंब राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात प्रक्रिया करून खाल्ले जातात. त्याने विषाचे प्रमाण घटते. पण धोका पूर्ण संपतो, असे म्हणता येत नाही.

दोघांतील फरक असा. डिप्लाझियम पाण्याच्या कडेला, दलदलीत वाढतो. ब्रॅकन उघड्या, निचऱ्याच्या उतारांवर ताटवेच्या ताटवे करून पसरतो. डिप्लाझियमची पाने एका बुंध्यातून झुपक्याने निघतात. ब्रॅकनचे प्रत्येक पान जमिनीतून सुटे वर येते, कारण त्याचे खोड जमिनीखाली लांबवर पसरते. डिप्लाझियमच्या कोंबाच्या बुडाशी गडद तपकिरी खवले असतात. ब्रॅकनच्या कोंबावर खवले नसतात, केसांची लव असते. वाढलेल्या डिप्लाझियमच्या पानामागे शिरांलगत बारीक रेषांची माशाच्या काट्यासारखी नक्षी असते. ब्रॅकनमध्ये बीजाणू दुमडलेल्या कडेखाली असतात.

तरीही लेख वाचून किंवा अ‍ॅपचा निकाल पाहून कोणताही नेचा खाऊ नये. कोंब खुडण्याच्या अवस्थेत बीजाणू नसतात. म्हणजे सर्वांत भरवशाची खूणच उपलब्ध नसते. परंपरेने ही भाजी खाणारे लोक ओढ्याच्या त्याच जागेवरून, वर्षानुवर्षे पाहिलेल्या झाडाचेच कोंब घेतात. ही माहिती छायाचित्रात उतरत नाही.

मोबाइल अ‍ॅपवर किती विसंबावे?

आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठांमुळे निसर्गनोंदी करणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यातून वनस्पती कुठे आढळतात याची मोलाची माहिती जमा होते. पण अ‍ॅप दिलेल्या छायाचित्रावरून अंदाज बांधते. छायाचित्र वरून काढले असेल, तर त्यात ओळखीची खूणच नसते. अशा वेळी अ‍ॅपने सुचवलेल्या प्रजातीऐवजी फक्त गटाचे नाव नोंदवणे अधिक प्रामाणिक ठरते. ‘एडिअँटम’ एवढीच नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा उपयोगी असते.

चांगल्या नोंदीसाठी पाच छायाचित्रे पुरतात: जागेसह संपूर्ण झाड, बुडापासून शेंड्यापर्यंत एक पूर्ण पान, पानाची पाठ, बीजाणू स्पष्ट दिसतील इतक्या जवळून, देठाचे बूड, खवले किंवा लव दिसेल असे, आणि आकाराच्या अंदाजासाठी शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून पर्णिकेचे जवळचे चित्र. पान तोडण्याची गरज नसते. हलके वळवले तरी पुरते. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय वनस्पती काढणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

वेळही महत्त्वाची. जूनमध्ये नुकत्या उगवलेल्या नेच्यावर बीजाणू नसतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा सह्याद्रीतील अनेक नेच्यांचा पक्व होण्याचा काळ. त्यानंतर बरेचसे वाळून जातात. त्यामुळे ओळख न पटलेल्या झाडाकडे महिन्याभराने पुन्हा जाणे, हा साधा पण खात्रीचा उपाय.

तज्ज्ञही अडखळतात का?

हो. चांदीच्या नेच्याचेच पाहा. भारतातील अनेक नेचे दीर्घकाळ ‘फॅरिनोसा’ या एकाच नावाखाली नोंदवले गेले. हे नाव मुळात येमेनमधील वनस्पतीला १७७५ मध्ये दिले गेले होते. पुढच्या अभ्यासात खवल्यांचा रंग, पानाची ठेवण, बीजाणू तपासल्यावर भारतातील झाडे त्याहून वेगळी असल्याचे आणि ती एक नसून अनेक प्रजाती असल्याचे मांडले गेले. म्हणजे जुन्या यादीतील एक नाव आज कोणत्या प्रजातीचे, हे मूळ नमुना पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

याहून अवघड गट ऑफिओग्लॉसमचा. सड्यांवर गवतात उगवणारी ही इवलीशी झाडे. एक हिरवे पान आणि मधून वर आलेली बीजाणूंची काडी, एवढाच त्यांचा पसारा. नेचा असूनही त्यांचे पान गुंडाळलेले नसते. याच गटातील ऑफिओग्लॉसम रेटिक्युलॅटमच्या पेशीत १,२०० हून अधिक गुणसूत्रे असल्याचे १९५० च्या दशकात केरळमधील ए. अब्राहम आणि सी. ए. निनान यांनी दाखवले. माणसात ती ४६ असतात. महाराष्ट्राला लागून असलेल्या गुजरातमधील डांगच्या जंगलातून २०१८ मध्ये ऑफिओग्लॉसम माल्व्ही ही जेमतेम एक सेंटीमीटर उंचीची नवी प्रजाती जाहीर झाली. तिचे वेगळेपण ठरवताना बीजाणूंची सूक्ष्मदर्शकाखालील रचना निर्णायक ठरली. नुसत्या डोळ्यांनी ती गवतात हरवून गेली असती.

नाव चुकल्याने शेवटी काय बिघडते?

सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. द अल्मेडा यांचे ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर वर्षांपूर्वी कोणता नेचा कुठे होता, हे आज तपासता येते ते अशा नोंदींमुळे आणि त्यामागे जपलेल्या वाळवलेल्या नमुन्यांमुळे. मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथे असे वनस्पतिसंग्रह आहेत. नमुना हाताशी असला, की नाव बदलले तरी नोंद वाया जात नाही. पानाची पाठ पुन्हा पाहता येते.

आजच्या मोबाइल नोंदी हा उद्याचा संग्रह आहे. नेच्यांचे जीवनचक्र ओलाव्यावर अवलंबून असते, कारण त्यांच्या फलनासाठी पाण्याचा थर लागतो. त्यामुळे एखादा पाझर आटला, कातळ फोडला, दरड सिमेंटने झाकली की तिथले नेचे लवकर हटतात आणि पिटिरोग्रामासारखे विस्कटलेल्या जागी वाढणारे पुढे सरकतात. हा बदल टिपायचा तर ‘चांदीचा नेचा दिसला’ एवढी नोंद पुरत नाही. कोणता चांदीचा, हे सांगता आले पाहिजे. अन्यथा देशी नेचा एखाद्या घाटातून नाहीसा होईल आणि यादीत तो वर्षानुवर्षे ‘आढळतो’ असाच राहील.

त्यामुळे पुढच्या वेळी ओल्या कातळावर नेचा दिसला, की वरून छायाचित्र जरूर काढावे. मग पान हलक्या हाताने उलटून आणखी एक काढावे. ओळख पटण्याची शक्यता त्या दुसऱ्या छायाचित्रातच अधिक असते.